तीन कॅमेरे आणि किब्बरचा फेब्रुवारी

आमचं वावर वरोऱ्याच्या बाजूला. हरभऱ्याला घाटे धरले की रात्री रानडुकरं उतरतात, कधी रोह्यांचा कळप येतो, आणि सकाळी धुऱ्यावर उभं राहून शिव्या घालण्यापलीकडे आपल्या हातात काही राहत नाही. निदान कोण येतं, किती वाजता येतं आणि कुठून शिरतं एवढं तरी कळावं म्हणून सहा वर्षांपूर्वी एक ट्रेल कॅमेरा घेतला, समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारा. एकाचे तीन झाले. डुकरं काही थांबली नाहीत, पण मला नाद लागला. बायको म्हणते, पिकाकडे बघता त्याच्या दुप्पट वेळ तुम्ही ती कार्डं बघण्यात घालवता. खरं आहे.

भाचा पर्यावरणशास्त्र शिकलेला आणि दोन हिवाळे हिमाचलमधल्या स्पितीत राहून आलेला. तिथल्या किब्बर गावात तो ज्या घरी राहायचा, त्या घरच्या दीदींचा त्याला फोन आला की शेळ्यांच्या गोठ्याभोवती रात्री काहीतरी फिरतंय. भाच्याने लगेच मला लावला. "मामा, तुमचे कॅमेरे उन्हाला कंटाळले असतील. चला." फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. हरभरा काढायला अजून अवकाश होता. निघालो.

दिवस पहिला आणि दुसरा : चंदीगड ते रेकाँग पिओ

हे दोन दिवस नुसते रस्त्याचे. हिवाळ्यात मनालीकडून स्पितीत जाता येत नाही, कुंझुम खिंड बर्फाने बंद असते. मग सिमला, नारकंडा, रामपूर असं सतलजच्या काठाकाठाने किन्नौरमधून वर चढायचं. पिओला संध्याकाळी समोर किन्नर कैलासवर उन्हाची शेवटची तांबूस पट्टी होती. भाचा ते बघत उभा होता आणि मी खोलीत पिशवी उपसून सेल मोजत होतो. चोवीस अल्कलाइन, आठ लिथियम.

या आकड्यामागे माझा चिक्कूपणा आहे. प्रत्येक कॅमेऱ्याला पेन्सिल सेल आठ लागतात. भाच्याने सगळे लिथियमचेच घ्या असं बजावलं होतं. वरोऱ्यात ते मिळाले नाहीत, मागवायला गेलो तर किंमत बघून हात आखडला. एकाच कॅमेऱ्यापुरते घेतले. बाकीच्यांना आपले नेहमीचे चालतील, चंद्रपूरच्या शेहेचाळीस डिग्रीत टिकतात तर थंडीत का नाही टिकणार, हे माझं गणित.

दिवस तिसरा : ताबो

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून रस्ता डोंगराच्या उघड्या कातळात शिरतो आणि झाडं संपतात. खरोखरच संपतात. नाको, चांगो, सुमदो. बाहेर राखाडी, तपकिरी आणि पांढरं, एवढेच रंग. नदी दोन्ही काठांनी गोठलेली, मध्ये पाण्याची एक निळी रेघ चालू.

ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा. बाहेरून मातीच्या घडीव ढिगाऱ्यासारखा दिसतो. आत अंधारात डोळे स्थिरावले की भिंतीवरची चित्रं हळूहळू वर येतात. आत बूट काढून जायचं, त्यामुळे माझी भक्ती दहा मिनिटांत तळपायातून निघून गेली. तीन हजार दोनशे मीटरच्या पुढे आलो होतो, म्हणून मुक्काम तिथेच केला. एकदम वर गेलं की डोकं धरतं.

रात्री भाच्याने माझी परीक्षा घेतली. नव्या अल्कलाइन सेलांची एक जोडी खिडकीबाहेर ठेवली, दुसरी माझ्या उशाशी. सकाळी दोन्ही जोड्या एकाच विजेरीत घालून बघितल्या. उशाशी ठेवलेल्या सेलांचा प्रकाश पांढरा, भिंतीवर गोल ठसठशीत. बाहेरच्यांचा उजेड निरांजनाएवढा, तोही पिवळा. मग त्याने तीच गारठलेली जोडी काखेत धरली, चहा होईपर्यंत बसला आणि परत विजेरीत घातली. पुन्हा पांढरा प्रकाश.

"मेले नव्हते मामा, आखडले होते."

त्यानं समजावलं ते असं. अल्कलाइन सेलच्या आतलं सगळं काम पाण्याच्या द्रावणात चालतं. थंडीत ते द्रावण मंदावतं आणि सेलमधून एकदम जास्त विद्युत प्रवाह निघत नाही. कॅमेरा नुसता वाट बघत बसलेला असतो तेव्हा त्याला फार काही लागत नाही. पण रात्री इन्फ्रारेड दिवे पेटवायची वेळ आली की तो एकदम मोठा घोट मागतो. सेलला तो देता येत नाही, विजेचा दाब खाली जातो आणि कॅमेरा समजतो की सेल संपले. म्हणजे नेमकं जनावर समोर आलं की कॅमेरा डोळे मिटणार. लिथियमच्या पेन्सिल सेलमध्ये पाणी नसतं. तो उणे चाळीसपर्यंत चालतो, आणि दाबही तेवढाच, दीड व्होल्ट, त्यामुळे त्याच खाचेत बसतो.

हे सगळं मला पिओच्या अलीकडे सांगितलं असतं तर सिमल्यात सेल शोधले असते, असं मी म्हणालो. तो म्हणाला, "सांगितलं होतं. फोनवर. दोनदा."

दिवस चौथा : काझा

ताबोहून काझा जवळच. पेट्रोल पंपावर तीन हजार सातशे चाळीस मीटरचा आणि जगात सर्वांत उंच असल्याचा फलक. येणारा प्रत्येक जण त्याच्याखाली फोटो काढतो, आम्हीही काढला. बाजार निम्मा बंद. दोन गोष्टी घेतल्या. औषधाच्या दुकानातून कापडी चिकटपट्टीचं रीळ आणि किराणा दुकानातून झिप लागणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या. दोन्हींचा उपयोग पुढे येतो.

लिथियम सेल काझ्यात मिळाले नाहीत. कुणी हसलं मात्र नाही, लोक भले आहेत.

दिवस पाचवा : किब्बर

की गावचा गोम्पा, म्हणजे मठ, बाजूला ठेवून जीप चढत गेली. किब्बर चार हजार दोनशे मीटरच्या आसपास. पांढरी मातीची घरं, खिडक्यांना काळी चौकट, गच्चीवर चाऱ्याच्या पेंढ्या रचलेल्या. पलीकडे चिचम गाव. मधल्या खोल घळीवर २०१७ साली पूल झाला. त्याआधी तारेवरच्या पाळण्यात बसून दोर ओढत माणसं पार व्हायची, हे मी पुलावर उभं राहून खाली बघितल्यावर ऐकलं. आधी ऐकलं असतं तर खाली बघितलंच नसतं.

दीदींचं घर गावाच्या वरच्या टोकाला. मधल्या खोलीत लोखंडी तंदूर, त्यावर सतत किटली. अख्खं घर हिवाळाभर त्या एकाच खोलीत जगतं. दीदी साधारण माझ्याच वयाच्या, पण भाचा दीदी म्हणतो म्हणून मीही दीदीच म्हणायला लागलो. त्या मला भैयाजी म्हणाल्या. घरात सासू होत्या, सूत कातत बसलेल्या. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि काहीतरी बोलल्या. सगळे हसले. भाच्याने भाषांतर केलं नाही.

गोठा खालच्या बाजूला. दगडी भिंती आणि वर लोखंडी जाळी. जाळी बसवली नव्हती तेव्हा एकदा 'शेन' आत उतरला आणि एका रात्रीत नऊ शेळ्या मारल्या. शेन म्हणजे हिमबिबट्या. कोंडलेल्या जागेत घाबरलेली जनावरं धावायला लागली की तो मारतच सुटतो. खातो एखादीच. दीदींनी हे सांगितलं तेव्हा आवाजात राग नव्हता, आपण गारपिटीबद्दल बोलतो तसा सूर होता.

दिवस सहावा : कॅमेरे लावले

आधी एक सांगून ठेवतो. किब्बरच्या भोवती अभयारण्य आहे, आणि अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय कॅमेरा लावता येत नाही. आमचे तिन्ही कॅमेरे गावच्या जागेत, दीदींच्या गोठ्याच्या आसपास, आणि गावात विचारून लावलेले.

पहिला गोठ्याच्या भिंतीवर. दुसरा गावातून घळीकडे उतरणाऱ्या पायवाटेवर. तिसरा गोठ्यामागच्या उतारावर, चार दगड रचून त्यांत घट्ट बसवलेला. इथे झाड नाही, त्यामुळे कॅमेऱ्याबरोबर येणारे पट्टे बिनकामाचे. सगळं दगडांच्या भरवशावर. उंची गुडघ्याएवढी धरली. हिमबिबट्याचा खांदा जमिनीपासून साठेक सेंटीमीटर, आपल्याकडच्या बिबट्याएवढासुद्धा तो उंच नसतो, फक्त अंगावरच्या केसांमुळे मोठा वाटतो.

कॅमेरा लावणं म्हणजे वावरात मला पाच मिनिटांचं काम. इथे एकेकाला अर्धा तास लागला. जाड हातमोज्यांनी बटण दाबता येत नाही, आणि हातमोजा काढला की मिनिटाभरात बोटं लाकडाची होतात. उजव्या हाताचं ओलसर बोट कॅमेऱ्याच्या लोखंडी कडीला लावलं तर ते तिथेच चिकटलं. भाचा ओरडला, "ओढू नका!" आणि तोंडाची वाफ सोडून त्याने ते सोडवलं. कातडीचा एक पातळ पापुद्रा तरी कडीवर राहिलाच. स्क्रीनसुद्धा गारठलेली, आकडा बदलला तरी जुना आकडा थोडा वेळ मागे भुतासारखा दिसत राहतो.

दीदी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. दुसरा कॅमेरा लावून झाल्यावर म्हणाल्या, "यहाँ सूरज आएगा." मी म्हणालो, येऊ द्या की, तेवढीच ऊब. तिसऱ्याला म्हणाल्या, "यहाँ बर्फ भरेगा." मी आभाळाकडे बघितलं, निळंशार होतं. त्यांनी पुढे काही म्हटलं नाही.

दिवस सातवा

दिवसभर बर्फ. खिडकीबाहेर टांगलेला माझा थर्मामीटर रात्री उणे एकोणीस दाखवत होता. थुक्पा खाल्ला, तंदूरला पाठ लावून बसलो, पत्ते खेळलो आणि दीदींच्या सासूबाईंकडून हरलो.

भाच्याने दीदींना जुन्या कॅमेऱ्यांची गोष्ट सांगितली. शंभर वर्षांपूर्वी, १९२० च्या दशकात, एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचे वनाधिकारी शिवालिकच्या जंगलात वाटेवर तार ताणून ठेवायचे. वाघाचा पाय तारेला लागला की फ्लॅश उडायचा आणि वाघ स्वतःच स्वतःचा फोटो काढायचा. दीदींनी विचारलं, एका रात्रीत फोटो किती? एक. "मग ते कॅमेरा नीट जागा बघूनच लावत असतील," असं म्हणून त्या पीठ मळायला गेल्या. मला बोललेलं मला कळतं.

दिवस आठवा : हजेरी

सकाळी ऊन पडलं. तिघं निघालो. गुडघाभर बर्फ, दर दहा पावलांना श्वास घ्यायला थांबायचं.

पहिला कॅमेरा बंद. अल्कलाइन सेल अपेक्षेप्रमाणे आखडलेले. पहिल्या रात्रीचे काही फोटो मिळाले तेवढेच. एक कोल्हा, लाल, शेपूट फुगवलेला, गोठ्याच्या दारापाशी वास घेतोय. गावची दोन कुत्री. आणि दीदी, चाऱ्याचा भारा पाठीवर घेऊन, वाकलेल्या, सात वेळा. मला ओशाळल्यासारखं झालं. वाटेवर कॅमेरा लावताना तिथून बायका ये-जा करतात हे आपण धरत नाही. वावरातही मी कधी धरलं नव्हतं. दीदी म्हणाल्या, माझे पुसा, कोल्ह्याचा ठेवा.

दुसऱ्याने कमाल केली. एक हजार एकशे चौऱ्याऐंशी फोटो. आम्ही दोघे आनंदाने बघायला बसलो आणि पन्नासाव्या फोटोनंतर बोलणं थांबलं. दगड. बर्फ. दगड. कोपऱ्यात घराच्या काठीवरची प्रार्थनेची पताका, लुंगता, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. दगड.

हे समजून घ्यायला मला चांगलाच वेळ लागला, कारण माझं विदर्भातलं शिक्षण नेमकं उलटं. कॅमेऱ्यातला सेन्सर नुसती उष्णता बघत नाही. मागच्या जमिनीच्या आणि समोरच्या हलणाऱ्या वस्तूच्या तापमानातला फरक बघतो. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी जमीन, दगड आणि डुक्कर सगळेच सारखे तापलेले. फरकच नाही. जनावर कॅमेऱ्यासमोरून ऐटीत निघून जातं आणि कार्ड रिकामं. म्हणून मी संवेदनशीलता कायम सर्वांत वरच्या खुणेवर ठेवतो. इथे मागची जमीन उणे पंधरा. त्यापुढे जरा ऊन लागलेली कापडाची पताकासुद्धा सेन्सरला पेटत्या काडीसारखी दिसते. गावातून तीस पावलांवरून जाणारा माणूस त्याला कळतो. थंडीत संवेदनशीलता खाली आणायची असते. मी ती वर ठेवली, वरून कॅमेऱ्याचं तोंड पूर्वेला, पताका चौकटीत. सकाळचं ऊन थेट भिंगात. सेलही त्या रिकाम्या फोटोंपायी संपले.

"सूरज," दीदी एवढंच म्हणाल्या.

तिसरा सापडलाच नाही. काठीने टोचत टोचत दगडांचा ढीग शोधला, आत कॅमेरा शाबूत. दिवसाचा शेवटचा फोटो राखाडी, रात्रीचे नुसते पांढरे. जवळच्या बर्फावरून इन्फ्रारेडचा उजेड उलटून आला की चित्र धुऊन निघतं. चुलीतली राख भिंतीला फासावी तसं. त्यात पहिल्या दिवसाचे आधीचे वीस-पंचवीस फोटो धूसर. हे का, ते भाच्याने ओळखलं. लावताना मी भिंगासमोर तोंड नेऊन वाकून बघत होतो. माझा श्वास काचेवर बसला आणि तिथेच गोठला. थंडीत कॅमेऱ्यासमोर श्वास रोखून काम करायचं किंवा मान वळवून सोडायचा. डॉक्टरकडे गेल्यावर करतो तसं.

मग दीदी पुढे झाल्या आणि आम्ही मागे. गोठ्यापासून दीडशे पावलांवर, उताराच्या वर, एक कातळ पुढे झुकलेला. खाली कोरडी माती, बर्फाचा कण नाही. त्यांनी मला कातळाच्या पोटाशी नाक न्यायला सांगितलं. वास उग्र, आमच्याकडे तांदूळ शिजताना येतो तसा थोडा, थोडा मांजराच्या मुताचा. खाली मातीत मागच्या पायांनी उकरलेली खूण, हाताच्या ओंजळीएवढी.

कळलं तेव्हा बरं वाटलं. शेन असाच झुकलेला कातळ निवडतो, कारण तिथे पाऊस-बर्फ लागत नाही आणि आपला वास टिकतो. त्याला जे छप्पर हवं तेच कॅमेऱ्यालाही हवं. शिवाय जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत त्यांचा माजाचा काळ, त्या दिवसांत या खुणा जास्त होतात. दीदींनी जागा माझ्यासारखी फोटोच्या चौकटीवरून ठरवली नव्हती.

आठ लिथियम सेल इथेच घालायचे ठरलं. भाच्याने कापडी चिकटपट्टीचे तुकडे कापून अर्ध्या इन्फ्रारेड दिव्यांवर लावले, उजेड कमी व्हावा म्हणून. तोंड उत्तरेकडे. संवेदनशीलता मधली. सेल मी शर्टाच्या आत पोटाशी ठेवून आणले होते. एकेक काढून त्याच्या हातात देत होतो, आठवा हातातून निसटून बर्फात गेला, तो शोधण्यात पाच मिनिटं गेली. ऊन डोंगराआड गेलं तशी थंडी एकदम अंगावर आली. चार वाजून वीस मिनिटांनी कॅमेरा चालू केला आणि अक्षरशः पळालो.

दिवस नववा आणि दहावा

या दोन दिवसांत मोठ्या लेन्सवाले पाहुणे गावात आले होते. समोरच्या कड्यावर शेन बसलाय म्हणून सगळे रांगेत उभे होते. मी दोन तास उभा राहिलो, आयबेक्सचे, म्हणजे डोंगरातल्या रानबोकडांचे, बारा नर बघितले, दाढ्या वाऱ्यावर, शिंगं मागे वळलेली. शेन म्हणून मला दाखवलेला दगड संध्याकाळपर्यंत दगडच राहिला.

दीदींकडून जास्त मिळालं. वनखात्याच्या हिमाचलमधल्या हिमबिबट्यांच्या गणनेत किब्बरच्या डझनभर बायकांनी कॅमेरे लावायचं काम केलं, त्यांत त्या होत्या. २०२१ मध्ये जाहीर झालेला राज्याचा आकडा ५१ होता, २०२४ च्या गणनेत तो ८३ झाला. देशभराचा अंदाज जानेवारी २०२४ मध्ये आला तो ७१८, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. त्यासाठी १,९७१ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि त्यांत वेगवेगळे असे २४१ हिमबिबटे ओळखता आले. ओळखायचं अंगावरच्या ठिपक्यांच्या फुलांवरून. प्रत्येकाची नक्षी वेगळी, आणि डाव्या अंगाची उजव्या अंगाशी जुळत नाही. दीदींनी मोबाइलवर दोन फोटो दाखवले आणि विचारलं, एक की दोन? मी एक म्हणालो. दोन होते. मागच्या मांडीवर एकाला बंद कडं होतं, दुसऱ्याचं कडं खालून उघडं. त्यांनी नख ठेवून दाखवलं तेव्हा दिसलं.

दहाव्या दिवशी अजून एक धडा. पहिला कॅमेरा मी सेल बदलायला उचलून सरळ तंदूरच्या खोलीत आणला. दोन मिनिटांत काचेवर, आतल्या बाजूने, पाण्याचे थेंब. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखे, फक्त पुसता न येणारे. झिपच्या पिशव्या याचसाठी घेतल्या होत्या. बाहेरच, थंडीतच, कॅमेरा पिशवीत घालून तोंड बंद करायचं आणि मग आत आणायचं. पाणी धरतं ते पिशवीवर. पिशव्या माझ्याच खिशात होत्या, घडी घातलेल्या. तो कॅमेरा दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवावा म्हटलं, तर दीदींनी डबा द्यायला नकार दिला. तांदूळ इथे खालून जीपमधून येतो. तंदूरपासून लांब, दोरीवर उघडा टांगून वाळवला.

दिवस अकरावा : निघायचा

पहाटे मला बाहेर जावं लागलं. इथलं शौचालय घराबाहेर, कोरडं, जमिनीत खड्डा आणि बाजूला मातीचा ढीग. चारही कपडे चढवून, कानटोपी ओढून निघालो. वेळ बघितली, पाचला थोडी कमी. चांदण्यात बर्फ निळं. गावची कुत्री एकदम भुंकायला लागली, गोठ्याच्या वरच्या बाजूला तोंड करून, थांबेनात. त्यांना मराठीतून दोन शिव्या दिल्या, काम उरकलं आणि पांघरुणात शिरलो.

सकाळी शेवटचा कॅमेरा काढायला गेलो. कातळाच्या अलीकडे बर्फात पाऊलखुणा. ताज्या, कडा अजून न ढासळलेल्या, नखांची खूण नाही. पंजा माझ्या पसरलेल्या तळहातात बसला नाही. एका बाजूने आलेल्या, कातळाखाली गेलेल्या आणि वरच्या वाटेने निघून गेलेल्या. भाचा काही बोलेना. कॅमेरा पिशवीत घातला, कार्ड काढलं, घरी आणून लॅपटॉपला लावलं.

फोटो होता. तीन फोटो, लागोपाठचे. पहिल्यात तोंड वर उचललेलं, ओठ मागे ओढून कातळाचा वास घेतोय. दुसऱ्यात डावं अंग पूर्ण, ठिपक्यांची फुलं स्वच्छ, कुठे धुतलेलं नाही. चिकटपट्टी कामी आली. तिसऱ्यात नुसती शेपूट, जवळजवळ अंगाएवढी लांब, चौकटीबाहेर जाताना उचललेली.

खाली तारीख, ३ जानेवारी. वेळ, दुपारचे १२ वाजून ३५ मिनिटं. आणि चित्रात मिट्ट काळोख.

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे. आठव्या दिवशी सेल काढले तेव्हा घड्याळ शून्यावर गेलं होतं. नवे सेल घातल्यावर तारीख-वेळ लावायची असते. मला वाटलं त्याने लावली. त्याला वाटलं मी. त्या आठव्या सेलच्या शोधाशोधीत दोघांच्याही डोक्यातून गेलं. गणनेत असा फोटो चालत नाही, दीदी म्हणाल्या, वेळ चुकली की आधी-नंतर जुळत नाही.

मग त्यांनीच विचारलं, कार्डातला शेवटचा फोटो कुठला? शेवटचा होता भाच्याचा, हात पुढे करून कॅमेरा काढताना, नाक लाल. त्यावर ३ जानेवारी, १७ वाजून २० मिनिटं. आम्ही कॅमेरा काढला तेव्हा भाच्याच्या फोनवर नऊ चाळीस झाले होते, कारण त्याने त्याच वेळी खुणांचा फोटो काढला होता. दीदींनी बोटांवर मोजलं. सतरा वीसमधून बारा पस्तीस गेले, उरले पावणेपाच तास. नऊ चाळीसमधून पावणेपाच तास मागे.

चार पंचावन्न.

"कुत्ते भौंक रहे थे उस टाइम," दीदींच्या सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. हिंदीत, म्हणजे मला कळावं म्हणून. "और कोई आदमी उनको गाली दे रहा था."

पिओची गाडी खाली काझ्यातून पकडायची होती. जीपवाला हॉर्न वाजवत होता. लिथियमवाला कॅमेरा आम्ही दीदींकडेच ठेवला. निघताना त्या तो हातात घेऊन दारात उभ्या होत्या, आणि मी जीपमध्ये चढेपर्यंत त्यांनी त्याचं घड्याळ लावून घेतलं होतं.